वय वर्षे चौदा, मिशी वगळून

दुर्ग सोडून गाडी राजनांदगावकडे निघाली आणि शिवनाथचा पूल ओलांडला की रसमडा येतं. म्हणजे आपण लोकलमध्ये असलो तर येतं. हावडा-मुंबई मेलमध्ये असलो तर नुसतं निघून जातं. गावाला लागून बोरईची औद्योगिक वसाहत, पलीकडे धानाची शेतं. मधे जी काही मोकळी जमीन उरते तिथे एरवी ट्रक विसावा घेतात. अशा ठिकाणी शालेय मुलांच्या संभागीय क्रीडास्पर्धा भरवाव्यात ही कल्पना कोणाची, ते मी सांगणार नाही. आमच्या शेजारी पीटीचे एक सर राहतात, त्यांनी मला टाइमकीपर म्हणून नेलं, एवढंच सांगतो. निवडीचा निकष सोपा होता. ‘‘काका, तुम्ही आता रिटायर. तुमच्याकडे वेळ असतो ना?’’ ज्याच्याकडे वेळ असतो तो टाइमकीपर.

संभाग म्हणजे आपल्या महाराष्ट्रात जो महसुली विभाग, तो. छत्तीसगडच्या दुर्ग संभागात सात जिल्हे आहेत. दुर्ग, बालोद, बेमेतरा, राजनांदगाव आणि कबीरधाम ही पाच नावं एका दमात होतात. उरलेले दोन जिल्हे २०२२ साली झाले. राजनांदगाव जिल्ह्यातून ते वेगळे काढताना कुठलंच गाव रुसू नये याची भरपूर काळजी घेतलेली दिसते, कारण एकाचं नाव पडलं खैरागढ-छुईखदान-गंडई आणि दुसऱ्याचं मोहला-मानपूर-अंबागढ चौकी. राज्यकारभाराला हे सोयीचं असेल, खेळाला नाही. संचलनात बाकीच्या जिल्ह्यांचा फलक एकेक मुलगी घेऊन चालली होती. या दोघांचे फलक दोन टोकांना दोघींनी धरले होते, आणि वळणावर आतलीने जागच्या जागी पाय आपटत थांबायचं नि बाहेरचीने धावत वळसा घालायचा, अशी तालीम त्यांनी बसमध्येच करून ठेवली होती. टी-शर्टवर एका संघाने ‘केसीजी’ एवढंच छापून सुटका करून घेतली. दुसऱ्याने हट्टाने पूर्ण नाव छापलं. ते डाव्या बगलेतून निघून उजव्या बगलेत शिरत होतं. माईकवाल्याची कसोटी पुढे लागली. ‘‘बालिका वर्ग, सौ मीटर दौड, पहली हीट, प्रथम स्थान, मोहला-मानपूर-अंबागढ चौकी,’’ हे तो म्हणेपर्यंत दुसऱ्या हीटच्या मुली धावून पाणी प्यायला गेलेल्या असायच्या.

पण धावणं-बिवणं फार पुढचं. आधी उद्‌घाटन. पत्रिकेवर वेळ नऊची होती आणि नऊला मुलं सोडून कोणीही येणार नाही हे मुलं सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर मुख्य अतिथी, अतिविशिष्ट अतिथी, विशिष्ट अतिथी आणि अध्यक्ष असे चार प्रकारचे पाहुणे चार आकारांच्या फोटोंत होते. खेळाडूचा फोटो एकच, नीरज चोप्राचा. तोही कोपऱ्यात, भाल्याचं टोक फ्लेक्सच्या बाहेर गेलेलं. साडेअकराला पाहुणे आले. ‘‘खेळाडूंना उन्हात फार वेळ ताटकळत ठेवणार नाही,’’ या वाक्यापासून सुरू झालेलं भाषण पुरतं रंगलं. लिहाल-वाचाल तर नवाब व्हाल, खेळाल-कुदाल तर खराब व्हाल, असं पूर्वी म्हणत पण आता काळ बदलला आहे, हे चारही वक्त्यांनी सांगितलं. तिसऱ्याच्या वेळेपासून पहिला अर्धा भाग वक्ता म्हणे आणि दुसरा अर्धा मुलं. वक्त्याला वाटलं, प्रतिसाद चांगला आहे.

मशाल पेटवताना वारा आला. त्या भागातला वारा एकटा येत नाही, बरोबर लोखंडाची काळी भुकटी घेऊन येतो. सकाळी पांढरेशुभ्र बूट घालून आलेल्या दुर्गच्या मुलांचे बूट बाराच्या सुमारास करडे झाले. मोहला-मानपूरच्या बऱ्याचशा मुली अनवाणीच होत्या, त्यांना हा प्रश्न पडला नाही.

उद्‌घाटनानंतर खेळ सुरू होतील असं वाटणारा माणूस नवखा. उद्‌घाटनानंतर कागदपत्रांची तपासणी असते. शालेय खेळांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट देशभर असतात, आणि आपल्याकडे मुलांची वयं या तीन आकड्यांच्या जरा अलीकडे येऊन थबकतात. टेबलाशी बसलेल्या बाईंच्या पुढ्यात एक चौदा वर्षांखालील खेळाडू उभा राहिला. बाईंनी दाखल्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग आणखी वर पाहिलं. मुलाच्या ओठांवर मिशी होती. म्हणजे कोवळी लव नव्हे, कात्रीचा हात फिरलेली मिशी.

‘‘जन्मतारीख?’’

‘‘एक जुलै.’’

बाईंनी सुस्कारा टाकला. पश्चिम महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस जसा १ जूनला येतो तसा इकडच्यांचा १ जुलैला येतो. पूर्वी शाळा उघडे तो दिवस. गुरुजी दाखल करून घेताना तारीख टाकत आणि पोराचा जन्म होई. ती पिढी निवृत्त झाली, जन्माचे दाखले ऑनलाइन निघू लागले, तरी खेळाच्या मैदानावर १ जुलैची ही परंपरा अधूनमधून तग धरून असते. बाईंच्या शेजारचे गृहस्थ अनुभवी होते. त्यांनी मुलाला एकदम विचारलं, ‘‘तुझ्या धाकट्या भावाचा जन्म कधीचा?’’ मुलाने निरागसपणे तारीख सांगितली. धाकटा थोरल्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा निघाला. व्यवस्थापक म्हणून आलेले सर हजरजबाबी होते. ‘‘मॅडम, दोघं चुलत आहेत,’’ ते म्हणाले.

क्रिकेट बोर्डाकडे यावर तोडगा आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढतात आणि टीडब्ल्यू-३ नावाच्या पद्धतीने हाडांचं वय ठरवतात; हाड दाखला आणत नाही आणि त्याला चुलत भाऊही नसतो. रसमड्यात एक्स-रे कुठला? तिथे हेडमास्तरांचा शिक्का असलेला फोटो आणि तो मुलगा समोरासमोर धरून पाहत होते. फोटो तिसरीतला होता. त्यामुळे फोटो चौदाच्या आतला आहे याबद्दल दुमत नव्हतं.

छत्तीसगड सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात ‘छत्तीसगढिया ओलंपिक’ सुरू केलं तेव्हा १४-१७-१९ ची ही भानगडच ठेवली नव्हती, हे मला फार आवडलं होतं. गिल्ली-डंडा, भौंरा म्हणजे भोवरा, बाटी म्हणजे गोट्या, हरेलीच्या सणाला पोरं बांबूच्या गेडीवर चढून चालतात तिची शर्यत, फुगडी असे देशी खेळ, आणि चाळिशीच्या वरच्यांचाही वेगळा गट. भिलाईच्या मैदानावर नातवाला बाजूला बसवून आज्या फुगडी घालत होत्या. त्यांचा दाखला मागायची कोणाची छाती नव्हती. बाईमाणूस स्वतःहून चाळिशीच्या वर नाव नोंदवते आहे यापेक्षा भक्कम पुरावा कुठला असणार?

असो. दुपारी कधीतरी मैदानी खेळ सुरू झाले आणि माझ्यातला जुना कर्मचारी जागा झाला. मी भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये उभी हयात घालवली. तिथे आता १३० मीटरचा रूळ अखंड निघतो. असे दोन जोडून २६० मीटरचं पॅनल रेल्वेला जातं, आणि त्यात केसाएवढा बाक खपत नाही. मैदानावर मात्र शंभर मीटरच्या लेनी चुन्याची फक्की मारून आखल्या होत्या आणि फक्की मारणारा माणूस मधेच कोणाशी तरी बोलायला थांबला असावा, कारण साठ मीटरपाशी तिसरी लेन चौथीची विचारपूस करून परत आली होती. मी हे सरांच्या नजरेला आणून दिलं. ते म्हणाले, ‘‘काका, मुलं सरळ धावतात.’’ खरंच धावली. तिसऱ्या लेनचा मुलगा रेषेकडे ढुंकूनही न पाहता नाकासमोर पळाला. त्यावर हरकत आली ती वेगळी.

खरा गहजब दोनशे मीटरला झाला. मैदान लहान, म्हणून ट्रॅक दोनशे मीटरचा. एक पूर्ण फेरी मारली की शर्यत संपली. फेरीची शर्यत असली की धावपटूंना एका ओळीत उभं करत नाहीत, प्रत्येक बाहेरच्या लेनचा खेळाडू आतल्याच्या थोडा पुढे उभा राहतो. ही व्यवस्था जगभर आहे आणि जगभरच्या पालकांचा तीवर विश्वास नाही. चौथ्या लेनची मुलगी पहिल्या लेनच्या मुलीपुढे २३ मीटर उभी पाहून पहिल्या लेनच्या मुलीचे वडील दोरी ओलांडून आत आले.

‘‘हे काय चाललंय? ती तर अर्ध्यावर पोचलीय!’’

सरांनी समजावलं की बाहेरची लेन लांब पडते, म्हणून. वडील म्हणाले, मग तिला आत घ्या. सरांनी सांगितलं की आतही कोणीतरी लागतंच. एवढ्यात चौथ्या लेनच्या मुलीचे काका आले आणि त्यांनी उलटी तक्रार केली की आमच्या मुलीला मागचं कोणी दिसत नाही, तिला सगळ्यांच्या मागे उभी करा. सर वीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहत होते तो क्षण आला. त्यांनी शिट्टी खिशात घातली, काडी उचलली आणि मातीत वर्तुळ काढलं.

लेन १.२२ मीटर रुंद. एक फेरी म्हणजे दोन अर्धवर्तुळं, मिळून एक पूर्ण वर्तुळ. त्रिज्या १.२२ ने वाढली की परीघ दोन गुणिले पाय गुणिले १.२२ ने वाढणार, म्हणजे साडेसात मीटरहून थोडा जास्त. आणि गंमत अशी, सर म्हणाले, की मैदान केवढंही असो, ऑलिम्पिकचा चारशे मीटरचा ट्रॅक घ्या नाहीतर आमचा हा दोनशेचा, एका पूर्ण फेरीला लेनीलेनीतला फरक तेवढाच राहतो. त्रिज्या हिशेबातून उडूनच जाते. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. बेमेतऱ्याहून संघाबरोबर आलेले गणिताचे एक शिक्षक गर्दीत होते. ते पुढे सरसावले आणि म्हणाले, पृथ्वीच्या विषुववृत्तावर ट्रॅक आखला तरी? ‘‘तरी साडेसातच!’’ सर गरजले. दोघांनी हस्तांदोलन केलं. मुली तोवर आपापल्या खुणेवर ‘ऑन युअर मार्क’च्या अवस्थेत, मातीत बोटं टेकवून होत्या. पहिल्या लेनच्या वडिलांना गणित पटलं नाही, पण सरांसारखा शांत माणूस असा ओरडतो म्हटल्यावर काहीतरी तथ्य असेल म्हणून ते दोरीबाहेर गेले. त्यांची मुलगी दुसरी आली. पहिली आली असती तर त्रिज्या त्यांनाही पटली असती.

वेळ आम्ही तिघे घेत होतो. नियम असा की हाताने वेळ घ्यायची तर घड्याळं तीन असावीत आणि तिघांच्या वेळा वेगवेगळ्या आल्या तर मधली धरावी. या नियमामागे मनुष्यस्वभावाचा केवढा अभ्यास आहे ते त्या दिवशी कळलं. माझ्या डावीकडचे गृहस्थ क्लॅपरचा आवाज कानावर आल्यावर, त्याची खातरजमा करून, मग घड्याळ सुरू करत. उजवीकडचा तरुण मोबाइलवर वेळ घेत होता, आणि त्याला अंतिम रेषेपाशी नेमका घरून फोन आला. ३१.४, २८.९ आणि ‘मम्मी कॉलिंग’. मधली धरायची म्हटलं तरी कुठली? शेवटी वही सांभाळणाऱ्या बाईंनी ३०.१ लिहिलं. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘सरासरी.’’ उजवीकडच्याचं काय केलं, हे त्यांनी सांगितलं नाही.

इकडे दुसऱ्या मैदानावर हॉकीचे सामने चालू असल्याचं माइकवरून कळत होतं. राजनांदगाव म्हणजे हॉकीची नर्सरी. तिथल्या घराघरात स्टिक असते. बाकीचे सहा जिल्हे हॉकीत दुसऱ्या क्रमांकासाठी झटतात, ही बाब सगळ्यांनी कधीच मान्य केलेली आहे, त्यामुळे तिकडे एकही भांडण झालं नाही.

खो-खोला मात्र मी जातीने गेलो. भिलाई-दुर्गकडच्या मराठी माणसाची खो-खोवर वडिलोपार्जित इस्टेट आहे अशी आमची समजूत असते. दोरीशी उभा राहून मी शेजारच्या साहेबांना सांगू लागलो की या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये थेट बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलं होतं. त्यांनी पुन्हा मान हलवली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, आणि दोन्ही कप्तान, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. यावर ते म्हणाले, ‘‘भाईसाहब, जरा हटिए, दिख नहीं रहा.’’

दिसण्यासारखं होतंच. मोहला-मानपूरची एक पोर पळतीला होती, वय तेराच्या आसपास, अनवाणी, वेणी दातात धरलेली. मागची मुलगी हाताच्या अंतरावर आली की ती कमरेतून अशी काही झुके की मागचीचा हात हवेत जाई आणि ही बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे. एकेरी साखळी म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळणं. ती आमच्या वेळी कागदावर पेन्सिलीने काढून शिकवत. हिला कोणी शिकवली कोण जाणे. शेवटी खांबापाशी दुर्गच्या एका उंच मुलीने सूर मारला. छाती जमिनीवर घासली, बोटांची टोकं या पोरीच्या टाचेला लागली. दोघी धुळीत आडव्या. पंचांनी शिट्टी दिली. बाद झालेलीने उठून आधी सूर मारणारीचं कोपर पाहिलं, मग स्वतःचं, आणि आपलं जास्त सोललंय हे तिला दाखवून ती खुशीत बाहेर गेली.

तिच्या संघाबरोबर एक बाई होत्या, त्यांचं माहेर सालेकशाचं, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं. ऐन रंगात आल्या की त्या हिंदी सोडत. ‘‘अवो पोरी, हुल दे नं तिले! हुल दे!’’ असा आवाज रसमड्याच्या मैदानावर ऐकला आणि माझी इस्टेट सुरक्षित असल्याची खात्री पटली. मी त्यांना मराठीत ‘‘वा, बाई!’’ म्हटलं. त्यांनी माझ्या छातीवरचा ‘टाइमकीपर’चा बिल्ला पाहिला आणि हिंदीत विचारलं की वेळ अजून दोन मिनिटं बाकी असताना पंचांनी शिट्टी का दिली. मी त्या खेळाचा टाइमकीपर नव्हे, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी भात, डाळ, आलू-गोबी आणि पुऱ्या. पोह्यांबरोबर जिलेबी ही जोडी मला इतक्या वर्षांत नीट रुचलेली नाही, पण चारशे मीटर धावून आलेल्या पोराला ती समोर धरा आणि मग बोला. कुस्तीची मुलं वजन देण्याआधी उपाशी होती; वजन झाल्यावर त्यांनी पुऱ्यांच्या टोपल्यांशी जी लढत दिली ती त्या दिवसातली सगळ्यात चुरशीची आणि तिचा निकाल एकतर्फी लागला.

संध्याकाळी मुलींची चार गुणिले शंभरची रिले झाली आणि तिने दिवसाचं सार्थक केलं. केसीजी पहिलं, दुर्ग दुसरं. दुर्गच्या व्यवस्थापकांनी लगेच हरकत घेतली की केसीजीच्या दुसऱ्या मुलीने बॅटन हद्दीबाहेर घेतलं. आता पूर्वी रिलेत बॅटन बदलायची हद्द २० मीटरची असे आणि तिच्या आधी दहा मीटर नुसता वेग घ्यायला मिळत. काही वर्षांपूर्वी नियम बदलला आणि ही सबंध ३० मीटरच बदलाची हद्द झाली. हरकतीच्या समितीत तिघे होते. एकाकडे जुनं नियमपुस्तक होतं, एकाच्या मोबाइलवर नवं होतं आणि तिसऱ्यांनी फक्की मारून घेतली होती. फक्की कुठल्या पुस्तकाप्रमाणे मारली, या प्रश्नावर तिसरे गप्प बसले. टेप मागवली. टेप लांब उडीच्या खड्ड्यावर होती आणि लांब उडी चालू होती. अंधार पडू लागला. समितीने ट्यूबलाइटखाली बसून विचार केला, चहा घेतला, पुन्हा विचार केला आणि निर्णय दिला की शर्यत पुन्हा घ्यावी.

माइकवरून दोन्ही संघांना तीनदा पुकारलं. कोणी येईना. शोध घेतला तेव्हा आठही जणी जेवणाच्या मांडवामागे एका सतरंजीवर बसलेल्या सापडल्या. दुर्गच्या मुली केसीजीच्या मुलींना मोबाइलवर आपल्या शाळेचा डान्स दाखवत होत्या. त्यांना समितीपुढे आणलं. दुर्गची कप्तान पोट धरून म्हणाली, ‘‘सर, आता नाही धावता यायचं. आम्ही पुऱ्या खाल्ल्या. पहिला नंबर त्यांचाच राहू द्या, आमचं ठरलंय.’’

समितीने एकमेकांकडे पाहिलं. जुन्या नियमपुस्तकात असं काही नव्हतं आणि मोबाइलवरच्या नव्या पुस्तकातही सापडेना.

‘‘हे लेखी द्यावं लागेल,’’ अध्यक्ष म्हणाले.

कप्तानने माझ्याकडून पेन घेतलं आणि हीटच्या यादीच्या पाठीवर दोन ओळी लिहून दिल्या. समितीने त्या वाचल्या, शिक्का कुठे मारायचा यावर थोडी चर्चा केली आणि अर्ज नामंजूर केला. सोबत हरकत शुल्क जोडलेलं नव्हतं.